बाटलीचं धुवण

"ओंजळ कर," दादासाहेब म्हणाले.

मी लोटा पुढे केला होता. मायनं राखेनं घासून चकचकीत केलेला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. औषधाच्या रिकाम्या बाटल्या त्यांच्या घरी फिनेल भरून ठेवायला जायच्या. फिनेलच्या बाटलीलाही आमचा लोटा लागलेला चालत नव्हता.

मी सहावीत होते. आषाढाचे दिवस. गावातल्या जनावरांना जंताचं औषध पाजायचं शिबिर दरवर्षी दादासाहेबांच्या अंगणात व्हायचं. औषध फुकट, सगळ्या गावासाठी. डॉक्टर यायचे, चहा घ्यायचे, बाटल्या ओट्यावर मांडून पुढच्या गावाला जायचे. मग दादासाहेब स्वतः पाजायला उभे राहायचे. आधी त्यांच्या म्हशी, मग त्यांच्या भावकीची जनावरं, मग वरच्या आळीतल्या गाई. बांबूच्या नळक्यातून पांढरं, दुधासारखं औषध घटाघटा घशात. सगळ्यात शेवटी आम्ही, गावाबाहेरच्या वस्तीतले. खालचा पुरा.

आमच्यापर्यंत येईस्तोवर बाटल्या रिकाम्या झालेल्या असायच्या. मग दादासाहेब बाटलीत पाणी घालायचे, अंगठ्यानं तोंड दाबून हलवायचे आणि ते पाणी आम्हाला द्यायचे. त्याला गावात धुवण म्हणतात. आमचे लोक ते घ्यायचे, वर हात जोडायचे.

मला वाचता येत होतं, हीच माझी चूक. ओट्यावरच्या बाटलीवरचा कागद मी वाचला होता. मी म्हणाले, "दादासाहेब, याच्यावर लिवलं हाये, वजनाप्रमानं पुरं पाजा. पानी टाका असं नाई लिवलं."

अंगण हसलं. दादासाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "वाचते का तू? मंग वाच."

त्यांनी माझ्या ओंजळीत धुवण ओतलं. वरून, हातभर अंतरावरून. मग बाटली माझ्या डोळ्यांसमोर ओट्याच्या कडेला ठेवली आणि सांगितलं, पुऱ्यातल्या सगळ्यांचं धुवण वाटून होईपर्यंत मी इथंच उभी राहायचं. ओंजळ सोडायची नाही. कागद मोठ्यानं वाचायचा. संपला की पुन्हा पहिल्यापासून.

मी वाचलं. "केवळ पशुवैद्यकीय वापरासाठी. वापरण्यापूर्वी बाटली हलवा. वजनाप्रमाणे पूर्ण मात्रा द्यावी." बोटांच्या फटीतून धुवण गळत होतं, कोपरापर्यंत ओघळत होतं, उन्हानं तिथंच वाळत होतं. वाचून संपलं की कोणीतरी म्हणायचं, पुन्हा. पुरा आठ-दहा घरांचा, पण मला ती दुपार संपेना. माय बाजूला उभी होती. ती म्हणत होती, "लेकरू हाये, चुकलं तिचं." दादासाहेब माझ्या मायपेक्षा वयानं लहान. ते तिला म्हणाले, "गोदे, तुमच्या बकऱ्याइले धुवनच पुरते. अन् तुमालेबी."

शेवटी माझ्या ओंजळीत उरलं होतं तेवढं मी लोट्यात टाकलं. तळही झाकला नाही.

मला वाटलं होतं घरी गेल्यावर माय मला मारेल. मारलं नाही. तिनं पुऱ्यातल्या बायकांना हाक मारली, प्रत्येकीचं धुवण एका पातेल्यात ओतायला लावलं, त्यात आणखी तांब्याभर पाणी घातलं आणि झाकणानं मोजून सगळ्यांच्या बकऱ्यांना सारखं पाजलं. ज्याला जास्त मिळालं त्याला जास्त नाही, ज्याला काहीच मिळालं नाही त्यालाही झाकणभर. ही आमच्या पुऱ्याची रीत. सणाची पोळी असो, कोणाच्या लग्नातून आलेली बुंदी असो, आमच्याकडे येतं ते उरलंसुरलं, पण वाटलं जातं बरोबर. मला त्या रीतीचा अभिमान होता. आजही आहे. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

आमची चांदी नावाची बकरी होती. काळी, कपाळावर पांढरा टिकला. दिवाळीच्या तोंडावर तिच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. हात लावला की पिठाच्या गोळ्यासारखी दबायची, बोटाचा ठसा तसाच राहायचा. डोळ्यांची आतली बाजू कागदासारखी पांढरी पडली. एका सकाळी ती उठलीच नाही.

मायनं तिला सोललं. कलेजी हातात घेतली तर ती दगडासारखी. विळ्यानं चिरली आणि आतून पानांसारखे चपटे किडे बाहेर आले. करड्या रंगाचे, बोटाच्या पेराएवढे. हालत होते. माय विळा तसाच धरून बसली.

"औषद पाजलं होतं न हिले," ती म्हणाली. "मंग हे जित्ते काहून हायेत?"

गावाला उत्तर माहीत होतं. गाव म्हणालं, खालच्या पुऱ्याची जनावरंच घाण, ती कुठंही तोंड घालतात. आता खरं सांगायचं तर आमच्या बकऱ्या तळ्याच्या काठच्या चिखलातच चरायच्या, कारण वरच्या गायरानात त्यांना कोणी पाय ठेवू देत नव्हतं. तिथं शंखाच्या बारक्या गोगलगायी असतात. त्यांच्या अंगातून हा किडा गवताला चिकटतो, गवतातून बकरीत जातो. चिखल आम्हाला दिला आणि चिखलात चरलो म्हणून घाण ठरवलं. हे कळायला मला पुढं कैक वर्षं लागली. पण मायचा तो प्रश्न मी त्याच दिवशी उचलला, आणि तो माझ्याबरोबर राहिला. बारावीला, केनवडहून वाशिमच्या गाडीत उभं राहून जाताना, वसतिगृहाच्या खाटेवर. बा दरवर्षी ऊसतोडीला जायचा, माय बकऱ्या राखायची, मी शिकत होते. प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा बा म्हणाला, मास्तरीन हो. मी हो म्हणाले. डोक्यात किडा होता.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पाचे विषय वाटले. कोणाला फुलपाखरं, कोणाला मासे. एक विषय उरला: जंताच्या औषधांचा यकृतातल्या पर्णकृमीच्या निर्विषीकरण विकरांवर होणारा परिणाम. त्यासाठी कत्तलखान्यातून रोज ताज्या कलेज्या आणाव्या लागणार होत्या. मार्गदर्शक सरांनी वर्गावर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली.

"हिला द्या," ते म्हणाले. "हिला सवय असेल."

पुन्हा अंगण हसलं. या वेळी बाकांवर बसून.

मी विषय घेतला. पर्णकृमी म्हणजे चांदीच्या कलेजीतला तोच किडा. त्यांनी तो हिणवायला दिला होता, मला तो हवाच होता. एक थर्मास विकत घेतला, त्यात कोमट मीठपाणी. सकाळी खाटकाच्या दुकानाशी उभी राहायची, कलेजी चिरून किडे थर्मासात टाकायची, धावत प्रयोगशाळेत. सरांनी सगळ्यांदेखत सूचना केली की माझा थर्मास चहाच्या टेबलाच्या आसपास दिसता कामा नये. त्या टेबलावर मला चहा तसाही कोणी देत नव्हतं.

पण काम मोठं होतं. किडा पित्ताच्या नळीत राहतो. तिथं रोजच काहीतरी कडू, काहीतरी जहाल. त्यानं स्वतःपुरती सोय केलेली आहे. त्याच्या अंगात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज. नाव अवघड, काम सोपं. विष आलं की ते त्याला एक छोटासा रेणू बांधतं, बांधलं की विष पाण्यात विरघळतं आणि बाहेर टाकता येतं. घरात साप निघाला तर काठीनं उचलून बाहेर टाकावा, तसं. औषध म्हणजे किड्याच्या दृष्टीनं सापच.

मी काचेच्या बशीत किडे ठेवायची, वर औषध. मग ते कुटून, गाळून, त्यांच्यातलं विकर किती काम करतं ते यंत्रात बघायची. औषध पूर्ण ताकदीचं असलं की विकराचं काम खाली यायचं, किडे लोळागोळा व्हायचे. एक दिवस मी औषध मुद्दाम पातळ केलं. बाटलीत पाणी घालून हलवावं तसं. कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या हातांना आठवलं.

विकराचं काम खाली आलं नाही. वर गेलं.

मी यंत्र पुसलं, नव्यानं सगळं केलं. पुन्हा वर. पातळ औषधानं किडा मरत नव्हता, सावध होत होता. मारायला आलेल्याला ओळखून घेत होता. एक किडा सावध झाला म्हणून त्याची पिल्लं शहाणी जन्मत नाहीत, एवढं मला कळत होतं. पण ज्या किड्यांच्या अंगात हे विकर मुळातच जास्त, ते पातळ औषधातून वाचतात, आणि जे वाचतात त्यांचीच अंडी तळ्यात जातात. वर्षामागून वर्षं धुवण पाजलं तर तळ्यात कोण उरणार? मी खुर्चीत बसून राहिले. मला माय दिसत होती. पातेल्यात तांब्याभर पाणी ओतणारी माय. झाकणानं मोजून सगळ्यांना सारखं देणारी.

मी गावाकडे नमुने मागायला लागले. पुऱ्यात कोणाची बकरी कापली जायची तेव्हा मायचा फोन यायचा आणि मी थर्मास घेऊन जायची. आमच्या पुऱ्यातल्या किड्यांना मी पूर्ण ताकदीचं औषध दिलं. ते बशीत फिरत राहिले. दुपारी फिरत होते, संध्याकाळी प्रयोगशाळा बंद करताना फिरत होते. मी दाराशी उभी राहून त्यांच्याकडे बघत होते आणि मला भीती वाटली. किड्यांची अशी भीती मला कधी वाटली नव्हती.

मग ज्येष्ठात दादासाहेबांची म्हैस मेली. मेलेलं जनावर ओढायला अजूनही खालच्या पुऱ्यालाच बोलावतात. शेताच्या कडेला तिला फाडलं तेव्हा मी तिथं होते. तिच्या जबड्याखाली पिशवी होती. मोठी, चांदीच्या दहापट. कलेजीत तेच पानांसारखे किडे, हालणारे. या म्हशीला दरवर्षी बाटली फोडून पहिलं, दाट, पूर्ण औषध पाजलं होतं. किडे प्रयोगशाळेत नेले. आमच्या बकऱ्यांच्या किड्यांचे आकडे आणि त्यांच्या म्हशीच्या किड्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले. फरक करता येईना.

तळं एकच आहे. उन्हाळ्यात वरच्या गायरानात पाणी राहत नाही, तेव्हा दादासाहेबांच्या म्हशीही तिथंच डुंबतात. बाटलीला लोटा लागू नये म्हणून त्यांनी एवढं जपलं, आणि तळ्याचं त्यांच्या मनात आलं नाही.

मी सगळं लिहिलं. नमुना कुठला, जनावर कोणाचं, औषध कसं पाजलं. एका पानावर दोन्ही आकडे. मायलाही सांगितलं. तिला सांगताना तोंड वर करवेना. मी म्हणाले, आपण पाणी घालून वाटत होतो ना, त्यानं किडा जास्त पक्का झाला. ती म्हणाली, "मी वाटलं नसतं तं त्या वक्ती कोनाची बकरी वाचली असती? मले जेवढं कळलं तेवढं केलं. पन त्यानं बाटलीत पानी कायले टाकलं? त्याले तं वाचता येत होतं."

सरांनी ते पान वाचलं. दोनदा वाचलं. मग दार लोटून घेतलं. दादासाहेब आमच्या कॉलेजच्या संस्थेवर संचालक आहेत, हे मला माहीत होतं. सरांना ते माझ्याहून जास्त माहीत होतं. ते म्हणाले, हे दोन नमुने आलेखात बसत नाहीत, पान काढून टाक. मी म्हणाले, सर, तेच तर सापडलंय. ते म्हणाले, "सापडलं नाही. ती तुमच्या वस्तीची घाण आहे, ती तू माझ्या विभागात आणलीस. सोमवारी पान नसलेला प्रकल्प आण, मी सही करतो. पान असेल तर सही नाही."

रविवारी गावात औषध पाजायचं शिबिर होतं. मी गेले.

तेच अंगण. ओट्यावर बाटल्या. दादासाहेबांचे केस पिकलेत, उभं राहणं तेच. गोठ्यात पाच म्हशी बांधलेल्या. मी एकेकीच्या जबड्याखाली बघत गेले. दोघींना पिशवी आली होती. अजून लहान, लिंबाएवढी. त्यांच्या घरात कोणी बघितली नसावी.

खालच्या पुऱ्याची पाळी आली. माय लोटा घेऊन उभी होती, मी तिच्या शेजारी. दादासाहेबांना पानाचं कळलं होतं, ते मला त्यांच्या नजरेवरूनच समजलं. त्यांनी रिकामी बाटली उचलली नाही. मागून एक भरलेली घेतली. सीलबंद.

"शिकली म्हनते तू," ते म्हणाले. "चांगलं हाये. ही घे, पुरी बाटली. लोट्यात नाई, बाटलीच ने. फकत तुह्या घरच्या बकऱ्याइले. अन् त्या पानाचं मी सरले सांगतो, तू काई टेन्शन घेऊ नको."

त्यांनी ती बाटली मायसमोर धरली. हातभर अंतर नव्हतं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा त्या हातातली वस्तू आमच्या हाताला टेकणार होती. घरी चांदीची नात होती, तिच्या जबड्याखाली मी सकाळीच हात लावून बघितला होता. बोटाचा ठसा उठला होता. एक पूर्ण बाटली आमच्या चार बकऱ्यांना भरपूर झाली असती. तिनं किडे मेलेच असते असं नाही, पण थोडे तरी मेले असते. खोटं कशाला बोलू, माझा हात हलला.

माय म्हणाली, "बाकीच्या पुऱ्याचं काय?"

"त्याइले धुवन हाये न," दादासाहेब म्हणाले.

मायनं बाटली घेतली नाही. लोटाही मागं घेतला. तिच्या मागं उभ्या असलेल्या बायका तिच्याकडे बघत होत्या. ती म्हणाली, "एकटीची बाटली मी नेली तं घरी जाऊन वाटीनच. मले दुसरं येत नाई. अन् वाटली का पुन्हा तेच. नको."

मग मी बोलले. आवाज चढवला नाही. म्हणाले, पुऱ्यातल्या प्रत्येक जनावराची यादी करा, प्रत्येकाला वजनाप्रमाणे पूर्ण पाजा, पाणी न घालता, आणि आमच्याकडे आता कोणतं औषध चालतं ते आधी तपासून आणा. नाहीतर आम्हाला काही नको. त्या दोन म्हशींचंही मी सांगितलं. जबड्याखाली हात लावून बघा म्हटलं.

त्यांनी म्हशींकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "डिगरी हाती आली नाई तुह्या अजून," ते म्हणाले. "अन् तुमचं राहनं याच गावात हाये."

खालचा पुरा त्या दिवशी धुवण न घेता परत आला. पहिल्यांदा. कोणी हात जोडले नाहीत. पण कोणी आनंदातही नव्हतं. वाटेत एका बाईनं मला विचारलं, "बकऱ्या मेल्या तं मंग?" मी तिला म्हणाले, मरतील काही. तिनं मान हलवली आणि पुढं चालू लागली. संध्याकाळी कोणीतरी आमचा तळ्याकडं जायचा रस्ता काट्या टाकून बंद केला. माय काट्या बघून आली आणि म्हणाली, आता कुठं चारायच्या ते उद्या बघू.

सोमवारी मी प्रकल्प दिला. पानासकट. सरांनी सही केली नाही. वही माझ्याकडे सरकवली आणि खिडकीकडे तोंड केलं. मी वही परत त्यांच्यापुढं सरकवली आणि पोच मागितली. तीही मिळाली नाही. मग मी त्या पानाच्या प्रती काढल्या. एक विद्यापीठाला पोस्टानं पाठवली, एक जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय कार्यालयात स्वतः नेऊन दिली. तिथल्या कारकुनानं ती एका ढिगावर ठेवली. त्याच्याकडून मी शिक्का मारून घेतला.

चांदीची नात पुढच्या आठवड्यात गेली. मायनं सोललं, मी कलेजी चिरली, किडे थर्मासात भरले. तो नमुनाही त्या पानावर चढवला. रकान्यात लिहिलं: खालचा पुरा. औषध: दरवर्षी बाटलीचं धुवण, यंदा नकार. दादासाहेबांच्या गोठ्यातली लिंबाएवढी पिशवी आता पेरूएवढी झालीय, असं माय सांगते. त्यांनी नव्या बाटल्या आणल्यात. तेच औषध. दाट, पूर्ण, पाणी न घातलेलं. त्या म्हशीही मरतील. ओढायला आम्हाला बोलावतील. या वेळी पुऱ्यातलं कोणी जाणार नाही, असं ठरलंय.

पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे. ती दादासाहेबांच्या अंगणासमोरच भरते. तोवर मला सही मिळालेली नसेल, कदाचित मिळणारही नाही. त्यांनीच मला त्या अंगणात उभं करून वाचायला लावलं होतं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

मी वाचणार आहे. मोठ्यानं, पूर्ण पान. कोणी मधेच थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून. या वेळी हातात कागद असेल, ओंजळ नसेल.